साठ कबरी आणि आमचा उतारा

आज मी तुम्हाला आमच्या घरच्या सहलीची गोष्ट सांगणार आहे. देवदर्शनाला आपण दरवर्षी जातो. कधी पंढरपूर, कधी जोतिबा, कधी शिखर शिंगणापूर. मशिदी, महाल आणि घुमट बघायला म्हणून घर सोडायची आमची ही पहिलीच वेळ. आम्ही गेलो विजापूरला. २०१४ पासून त्याचं सरकारी नाव विजयपुरा झालंय, पण आमच्या मिरज भागात अजून सगळे विजापूरच म्हणतात. आज ते कर्नाटकात आहे. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी ती आदिलशाही सुलतानांची राजधानी होती आणि आपला हा सगळा मुलूख, मिरज काय, वाई काय, तिच्याच अमलाखाली होता.

सहलीला आम्ही नऊ जण होतो. मी, घरचे मालक, दोन मुलं, भावजी, जाऊबाई, माहेरपणाला आलेल्या वन्स, त्यांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या आमच्या सासूबाई. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. पहाटे पाचला गाडी निघाली. बरोबर भाकरी, शेंगाचटणी, दही आणि बटाट्याची भाजी. कागवाड, अथणी, तिकोटा करत रस्त्यावरच्या पाट्या मराठीच्या कानडी झाल्या. रान मात्र तेच राहिलं. काळी माती, ज्वारी, मधूनच द्राक्षाचा मांडव.

आत्या निघताना कुरकुरत होत्या. "मशिदी बघून काय करायचं? आन् विजापूर म्हंजे त्या अफजलखानाचं गाव!" मी म्हटलं, "आत्या, मिरजेच्या दर्ग्याला तर तुम्ही दरवर्षी जाता." त्यावर म्हणाल्या, "मिरासाहेब आपला हाय गं." हेही खरंच. मिरजेच्या उरसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, आणि तिथल्या चिंचेखाली बसून अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं ऐकलेल्यांची नातवंडं आजही दरवर्षी गाणं ऐकायला येतात. शेजारचा दर्गा आपला आणि चार तासांवरची मशीद परकी, असं आपलं गणित असतं.

पण विजापूर आपल्याला वाटतं तेवढं परकं नाही. साताऱ्याशी त्याचं नातं तर अनेक पदरी आहे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना जे राज्य दिलं, त्यात विजापूर होतं. पुढे १८४८ साली इंग्रजांनी साताऱ्याचं राज्य खालसा केलं, तेव्हा विजापूरही त्यांच्याकडे गेलं. तिथल्या बुरुजावर मलिक-ए-मैदान नावाची प्रचंड तोफ आहे. माझा मुलगा तिच्याभोवती तीनदा फिरला. ती १५४९ साली अहमदनगरला ओतली, पुढे परांड्याच्या किल्ल्यात राहिली आणि १६३२ मध्ये विजापूरला आणली. साताऱ्याचं राज्य गेल्यावर इंग्रजांनी १८५४ मध्ये ती भंगारात लिलावाला काढली. सगळ्यात मोठी बोली आली दीडशे रुपये! लोक तिला मान देतात आणि किंमतही फारच कमी येते, असं तिथल्या मामलेदारानं वर कळवलं आणि विक्री रद्द झाली. एका मामलेदारानं वेळेवर एक कागद लिहिला म्हणून ती तोफ आज जागेवर आहे. कागदाची ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी ती पुन्हा येणार आहे.

सकाळी आम्ही आधी गोल घुमट पाहिला. महंमद आदिलशहाची ही कबर. तो १६५६ साली वारला. चार भिंतींवर एकच घुमट, आणि बाहेरून तो सुमारे १४४ फूट रुंद. आत मध्ये टेकायला एकसुद्धा खांब नाही. चारही कोपऱ्यांना सात मजली मनोरे आहेत आणि त्यातल्या जिन्यानं वर जाता येतं. आत्या खालीच बसल्या. आम्ही वर गेलो. वरच्या सज्जात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं, की घुमटाच्या पलीकडच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला ते स्पष्ट ऐकू येतं. टाळी वाजवली, की ती पुन्हापुन्हा परत येते. वन्सांनी स्वतःच्या आईला हाक मारली आणि ती हाक घुमटभर फिरत राहिली.

खाली चौथऱ्यावर कबरी आहेत. सुलतानाची, त्याच्या बेगमांची, मुलीची, नातवाची. त्यातच रंभा नावाच्या त्याच्या आवडत्या नर्तिकेचीही. वाटाडे सांगतात, की सुलतानानं थट्टेत विचारलं, माझ्यासाठी जीव देशील का, आणि तिनं वरून उडी टाकली. ही दंतकथा आहे. माझ्या लेकीनं मात्र वाटाड्याला एक प्रश्न विचारला आणि तो गप्प झाला. "तिला नाचायला कुणी शिकवलं, ती कुठल्या गावची, हे का नाही सांगत?" ती नववीत आहे. तिचा हा प्रश्न मग दिवसभर आमच्याबरोबर फिरला. जिथं जाऊ तिथं आम्ही विचारायला लागलो, इथं बाई कोण होती?

आणि बघा, विचारायला लागलं की बाया सापडतात.

गावाच्या मधोमध जुना कोट आहे, त्याला अर्ककिल्ला म्हणतात. तिथं आज बरीचशी पडझड आहे. या घराण्याचा पहिला पुरुष युसूफ आदिलखान. त्यानं १४९० च्या सुमारास आपलं राज्य उभं केलं आणि मुकुंदराव नावाच्या एका मराठा सरदाराच्या बहिणीशी लग्न केलं. तिचं नाव पडलं बुबूजी खानम. म्हणजे आदिलशाही घराण्याची मूळ आई मराठा होती. युसूफ १५१० मध्ये वारला. मुलगा इस्माईल लहान. कारभारी कमालखान मुलाला बाजूला सारून स्वतःच गादीवर बसायचा बेत करू लागला. बुबूजीनं त्याला आपल्या विश्वासू माणसाकरवी मारवलं. मग त्याच्या मुलानं वाड्याला वेढा घातला. विजापूरच्या दरबारात बसून इतिहास लिहिणारा फेरिश्ता सांगतो, की तेव्हा बुबूजी आणि युसूफच्या नात्यातली दिलशाद आगा या दोघी पुरुषांचा पोशाख आणि चिलखत घालून, हातात धनुष्य घेऊन भिंतीवर उभ्या राहिल्या. वाडा वाचला, मुलगा वाचला. तो नसता तर पुढचा गोल घुमटही नसता.

जाऊबाई म्हणाल्या, "हे शाळंत कधी शिकवलं न्हाई." खरंच नाही शिकवलं. मुकुंदरावाचं नाव बखरकाराच्या ध्यानात राहिलं. पण लग्नाआधी तिला घरात काय हाक मारत होते, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

कोटातच गगनमहालाची एक भव्य कमान उभी आहे. अली आदिलशहानं १५६१ च्या सुमारास तो बांधला. खाली दरबार आणि वर राणीवसा. या अलीची राणी म्हणजे चांदबीबी. तिचं माहेर अहमदनगरच्या निजामशाहीत, आणि तिच्या लग्नात सोलापूरचा किल्ला हुंड्यात आला होता. बघा, हुंड्यात किल्ला दिला तरी बाईचं नशीब काही सुटत नाही! १५८० मध्ये अलीचा खून झाला. गादीवर आला नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम. त्याला वाढवायचं आणि राज्यही सांभाळायचं, ही दोन्ही कामं चांदबीबीनं अंगावर घेतली. हे किश्वरखान नावाच्या सरदाराला खुपलं. त्यानं काय केलं असेल? तिला जबरदस्तीनं पकडून कैदेत पाठवलं. कुठं? आपल्या साताऱ्याच्या किल्ल्यावर.

हो, तोच अजिंक्यतारा. साताऱ्याला कॉलेजात असताना मी त्या किल्ल्यावर कितीदा गेले असेन. मंगळाईचं दर्शन घेतलं, डबा खाल्ला, खाली उतरले. या किल्ल्यावर कधीकाळी चांदबीबी कैदेत होती, हे मला विजापुरात उभं राहिल्यावर उमगलं. पुढे हबशी सरदारांनी किश्वरखानाला पळवून लावलं आणि तिला मानानं परत नेलं. नंतर ती माहेरी अहमदनगरला गेली आणि १५९५-९६ मध्ये मोगलांच्या फौजेपुढे तो किल्ला तिनं लढवला. १६०० साली मोगल पुन्हा आले. ती शत्रूला फितूर झाली अशी आवई उठली आणि तिच्याच माणसांनी तिला ठार केलं. बाईनं वाटाघाट केली की ती फितूर आणि पुरुषानं केली तर तो मुत्सद्दी, हे तेव्हापासूनच चालत आलेलं दिसतं.

याच किल्ल्यानं आदिलशाहीचा शेवटही जवळून पाहिला. १६८६ मध्ये औरंगजेबानं विजापूर घेतलं आणि तरुण सुलतान सिकंदर याला कैद करून आपल्या छावणीबरोबर फिरवत ठेवलं. १७०० साली औरंगजेबाचा वेढा साताऱ्याला पडला होता, तेव्हाच त्या छावणीत सिकंदर वारला. आणि पलीकडच्या बाजूनं त्याच औरंगजेबाशी सात वर्षं झुंज देणारी कोण होती? आपली महाराणी ताराबाई.

कोटाबाहेर पूर्वेला आसार महाल आहे. सुमारे १६४६ मध्ये तो न्यायाची कचेरी म्हणून बांधला. पुढे तिथं पैगंबरांचे केस ठेवले, म्हणून तो पवित्र मानतात. उंच लाकडी खांब, समोर पाण्याचा हौद. आम्ही पायऱ्यांपर्यंत गेलो आणि कळलं, की बायकांना आत जायला मनाई आहे. पुरुष आत गेले, आम्ही पाच जणी बाहेर हौदाच्या काठावर बसलो. लेक चिडली. वन्स म्हणाल्या, "त्यांच्यात असंच असतंय." मग मला बोलावंच लागलं. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना २०१६ पर्यंत कुठं चढू देत होते? मुंबईच्या हाजी अलीच्या दर्ग्यातही बायकांना मजारीपर्यंत जायला २०१६ साली उच्च न्यायालयाचा निकाल लागला. दोन्ही एकाच वर्षी. त्यांच्यात आणि आपल्यात, दारावरची पाटी तीच होती. आत्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "न्यायाची कचेरी म्हन्तीस नव्हं? मग बायकांस्नी भाईरच बसवायचं." आम्ही सगळ्या हसलो. पण ते हसणं फार वेळ टिकलं नाही.

जेवण आटोपून जामा मशिदीत गेलो. चपला बाहेर काढल्या, पदर डोक्यावर घेतला. आत गेल्याबरोबर पोरंसुद्धा शांत झाली. कमानींमागून कमानी आणि चुन्याचा थंडावा. फरशीवर काळ्या रेषांनी चौकटी आखल्यात. एक चौकट म्हणजे एका माणसाची नमाजाची जागा, आणि अशा दोन हजारांहून जास्त चौकटी आहेत. समोरच्या भिंतीत सोनेरी अक्षरांची आणि रंगांची नक्षी आहे. एवढी मोठी मशीद, तरी तिचं बांधकाम कधीच पुरं झालं नाही. आत्या आत भिंतीला टेकून बराच वेळ बसल्या. उठताना त्यांनी जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला. कुणी काही विचारलं नाही.

नंतर इब्राहीम रोजा. मला विचाराल तर विजापूरचं खरं सौंदर्य इथं आहे. एका बाजूला कबर, समोर मशीद, मध्ये कारंज्याचा हौद. खिडक्यांच्या जाळ्या दगडात कोरलेल्या अक्षरांच्या. हा दुसरा इब्राहीम, म्हणजे चांदबीबीनं वाढवलेला तोच मुलगा. तो मोठा होऊन गाणारा राजा झाला. दखनी बोलीत त्यानं गाणी रचली आणि त्यात सरस्वतीला नमन केलं. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. आपण मुलांना वाढवतो ते कुठवर पोचतं, ते असं. रोजाच्या शिलालेखात लिहिलंय, की ही इमारत ताज सुलताना हिच्या हुकमानं झाली आणि मलिक संदल यानं ती पुरी केली. म्हणजे राणीचं नाव दगडावर आहे आणि कामावर देखरेख करणाऱ्याचंही आहे. हे ऐकल्यावर आम्हाला सकाळपासून पहिल्यांदाच बरं वाटलं.

याच ताज सुलतानाच्या नावानं गावात ताज बावडी आहे. १६२० च्या सुमारास ती बांधली. चांदबीबीच्या नावानं त्याआधी १५७९ मध्ये चांद बावडी झाली होती, आणि १६५१ मध्ये बेगम तलाव झाला. विजापूर म्हणजे कोरडवाहू मुलूख. आपल्या जत-आटपाडीसारखाच. तिथं मोठं शहर वसवायचं तर आधी पाणी बघावं लागलं. बायकांची नावं पाण्याला दिली, हे मला फार आवडलं. पाणी कोण वाहतं, ते तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं.

परतीच्या आधी एक जागा राहिली होती. गावाबाहेर आडबाजूला एक चौथरा आहे आणि त्यावर ओळीनं कबरी. लोक त्याला साठ कबर म्हणतात. मोजल्या तर साठाहून थोड्या जास्त भरतात. सगळ्या एकसारख्या, एका मापाच्या, वरून सपाट. सपाट माथ्याची कबर बाईची असते. लोक सांगतात, की १६५९ साली अफजलखान शिवाजी महाराजांवर चालून निघाला, तेव्हा ज्योतिषानं त्याला सांगितलं, तू परत येणार नाहीस. म्हणून आपल्यामागे कुणाच्या हाती पडू नयेत यासाठी त्यानं आपल्या सगळ्या बायकांना मारलं आणि इथं पुरलं. ही लोकांनी सांगितलेली गोष्ट आहे, इतिहासाचा पुरावा म्हणून मी ती सांगत नाही. पण डोळ्यांना दिसतं ते असं, की साठावर बायका ओळींनी निजल्यात आणि एकीच्याही दगडावर नाव नाही. अफजलखानाची कबर आपल्या प्रतापगडाच्या पायथ्याशी आहे, ती कुणाची हे पोरसुद्धा सांगतं. त्याला ज्या बडी बेगमेनं पाठवलं, तिची आठवण पोवाड्यात आहे. या बायकांचं काहीच नाही.

दिवस कलला होता. वारा सुटला होता. आत्या एका कबरीजवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझं तरी नाव कुठं हाय?"

आधी कुणाला कळलंच नाही. मग त्या सांगायला लागल्या. चार मुलींनंतर पाचवी झाली म्हणून माहेरी त्यांचं नाव ठेवलं नकुसा. नको असलेली. लग्नात सासरी यशोदा केलं. हाक मात्र कधी कुणी त्या नावानंही मारली नाही. आधी सूनबाई, मग अमक्याची आई, मग आत्या. रेशनकार्डावर एक नाव, आधारवर दुसरं. "आन् तुमच्या बाबांच्या माघारी उताऱ्याला पोरांची नावं लागली. माझं न्हाई लागलं," असं म्हणून त्या गाडीकडे चालू लागल्या.

नकुशी हे नाव आपल्याला नवं नाही. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात अडीचशेहून जास्त मुलींना समारंभ करून नवी नावं दिली, तेव्हा ती बातमी जगभर गेली होती. त्या मुलींना प्रमाणपत्रं मिळाली. पण आत्यांच्या वयाच्या नकुशा आपल्या घराघरांत आहेत, आणि त्यांच्यासाठी कुणी मांडव घातला नाही.

परतताना गाडीत कुणी बोललं नाही. अथणी मागे पडल्यावर मालक हळूच म्हणाले, "खरंच न्हाई का लागलं नाव?" वारस नोंद झाली तेव्हा दोघा भावांनी सह्या केल्या होत्या आणि ते काम झालं असं समजून विसरले होते. मी बचत गटात ऐकलेलं सांगितलं. नवरा मृत्युपत्र न करता वारला, तर विधवा, मुलगे आणि मुली हे सगळे सारखेच वारस. हा कायदा १९५६ पासून आहे. मुली असं म्हणाले आणि माझी जीभ जरा अडखळली, कारण वन्स मागच्या सीटवर होत्या. आत्यांचं नाव लावायचं तर त्यांचंही लावावं लागणार. भावजी खिडकीबाहेर बघत राहिले. आणि मैत्रिणींनो, खोटं कशाला बोलू? त्याच वेळी मला आठवलं, की माझ्या माहेरच्या उताऱ्यावर माझंही नाव नाही. ते मी कधी मागितलं नाही, म्हणजे भाऊ माहेरपण करतो म्हणून गप्प राहिले. वन्सांना हक्क द्यायला मी तयार आणि स्वतःचा मागायला भीत होते.

पुढच्या महिन्यात मालकांनी तलाठ्याकडे जाऊन उतारा काढला. भावजींशी तीनदा बसणं झालं आणि एकदा आवाजही चढले. शेवटी दोघांनी मिळून अर्ज दिला. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं जोडली. अर्ज लिहिताना प्रश्न आला, आत्यांचं नाव काय लिहायचं? लेक म्हणाली, "आज्जी, यशोदाच लिहू. नकुसा कशाला?" आत्या थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "दोन्ही लिवा. नकुसा म्हणून मी जगले, ते खोटं व्हय? नकुसा ऊर्फ यशोदा." तसंच लिहिलं. वन्सांचं नावही लिहिलं. नोंद मंजूर व्हायची अजून बाकी आहे. माझ्या भावाला मी अजून फोन केलेला नाही. दिवाळीला जाणार आहे, तेव्हा समोरासमोर बोलेन.

मुलाला त्या सहलीतली तोफ आठवते. लेकीला रंभा आठवते. आत्या मात्र आल्या-गेल्याला मशिदीतल्या गारव्याचं सांगतात आणि वर म्हणतात, "लई मोठं बांधलंय बाई त्यांनी."

तुम्हीही जमलं तर एकदा विजापूर बघून या. आणि जायला जमलं नाही, तरी येत्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरचा सातबारा आणि घराचा उतारा बरोबर आणा. आपण सगळ्या मिळून वाचू. आपलं नाव त्यात आहे का, आणि असेल तर कोणतं, ते बघू.